बाल्कनीतला बँडसॉ

घरात बँडसॉ आल्यापासून माझी झोप उडाली होती. खारघरच्या फ्लॅटमध्ये, बाल्कनीत, कपड्यांच्या स्टँडशेजारी लाकूड कापायचं उभं मशीन! आणि पाच वर्षांची रेवा, जिची बोटं नको तिथे सगळ्यांत आधी पोचतात.

माझा नवरा समीर इंजिनिअर आहे, त्यामुळे मशीनसोबतचं माहितीपत्रक वाचणं त्याला कमीपणाचं वाटतं. त्याने ब्लेड बसवलं, बटण दाबलं. फळीतून धूर निघाला, पण ती कापली जाईना.

"लाकूड ओलं आहे," तो म्हणाला. मग म्हणे व्होल्टेज कमी आहे. मग म्हणे ब्लेडच डुप्लिकेट.

मी बापडी बी.कॉम. तरी प्लग काढून, भीत भीत जवळून पाहिलं.

"अरे, ब्लेड वरून खाली धावतं ना? मग याचे दात वर कसे?"

"तसंच असतं गं ते. तुला नाही कळायचं."

मग 'सहज बघू' म्हणत त्याने ब्लेड काढून उलटं करून लावलं. फळी काकडीसारखी कापली गेली.

"मला शंका होतीच," साहेब म्हणाले आणि रेवावर ओरडले, "लांब हो! आता बोट गेलं तर कळणारही नाही."

रेवा म्हणाली, "मग तू आधी लावलं होतंस तसंच लाव ना, बाबा."