पाचाचा भाव

नाय, नाय, तिथं नका ठेवू भाऊ, त्या टेबलावर दळणाचे डबे असतेत. खाली पण नको, खाली सगळं पीठ हाय. धरा ना जरा हातातच, खोकंच तर हाय, केवढं वजन असंल — व्हय, माहिताय मला, वहिनीनं फोन केलता तुम्हाला, पैसे पण तिनंच दिले, बसवायचंच म्हणली. पण ती हाय का इथं? नाय. बँकेत गेलीय चिकलठाण्याला, दादाच्या खात्याचे कागद घेऊन. ती येईपर्यंत चक्कीवर मी हाय. सकाळी आलते तवा मी म्हणलं दुपारी या, म्हणलं येतंय कोण परत एवढ्या उन्हात — तर तुम्ही आले. लई चिकट माणूस दिसता. बसा. त्या पोत्यावर बसा, झटकून घ्या.

दादा म्हंजे अतुलदादा. माझा भाऊ, सख्खा, मोठा. मागच्या महिन्यात गेला, वाळूजच्या हायवेवर, पहाटं, गाडीवर होता. वहिनीनं सांगितलंच असंल तुम्हाला. सांगितलं ना? मग मान कशाला हलवायले आता नव्यानं. सगळे हेच करतेत, अख्खं बजाजनगर मान हलवतंय माझ्यासमोर. दळण ठेवतेत, मान हलवतेत, अन् मग विचारतेत किती झाले.

काय काय करतं हे मशीन? काट्याला जोडायचं, बरं. वजन आपोआप घेतं, बरं. भाव एकदा भरला की पैसे आपोआप, पावती आपोआप — मग मी काय करू, माशा मारू? नाय, खरंच विचारतो. डबा उचलायचा, ओतायचा, एवढंच ना. मग माणसाच्या जागी हमाल ठेवा म्हणावं वहिनीला. नाय, वहिनीला काय म्हणायचं नाय मला. ती बिचारी सरळ बोलली. एक तर मशीन लागंल, म्हणली, नाय तर चक्की विकू. छावणीतला एक जण गिऱ्हाईक हाय, त्याला मोबाइलचं दुकान टाकायचंय इथं. दगड भंगारात अन् गाळा त्याला. शांतपणे म्हणली, भाकरी थापता थापता. मी ताटावरून उठलो. उठलो अन् कुठं जाणार, इथंच आलो.

थांबा — आल्या बघा कडूबाई मावशी. या मावशी, ठेवा. बाजरी हाय? ठेवा की काट्यावर. चार किलो अन् वर तीनशे. वीस द्या. कोण हे? हे मशीनवाले हायत. नाय, चहा नाय पाजला अजून. तासाभरानं न्या मावशी, आधी एक गहू हाय, अन् पट्टा ढिला झालाय, तो आवळतो. व्हय. व्हय. या.

आता काय हसू आलं? हं, दाबा ना बटणं, बघू तुमचं मशीन काय म्हणतं. भाव साडेसात भरा, वहिनीचा तोच हट्ट हाय, बाकीच्या चक्क्या आठ घेतेत म्हणून आपण साडेसात. चार किलो तीनशे. किती? बत्तीस रुपये पंचवीस पैसे. वा. हे पंचवीस पैसे मावशीनं कुठून आणायचे, सांगा ना. चार आणे सरकारनं बंद केले, आठ आणे लोकांनीच बंद केले. आठ आण्याचं नाणं कायद्यानं चालतं म्हणतेत, पण ह्या गल्लीत देऊन बघा कोणाला, भिकारी पण परत करतो. रुपया पण आता मिळंना. समोरचा किराणावाला रुपयाच्या जागी गोळी देतो, चिंचेची. अन् त्याला कोणी उलटी गोळी दिली तर घेतो का? नाय घेत. मी दिली होती एकदा, मूठभर. लई भांडला.

राउंड? व्हय, दाखवा. म्हंजे पन्नास पैशाच्या खाली असलं की उडवायचं अन् वर असलं की रुपया धरायचा. म्हंजे कधी मावशीचा फायदा, कधी आपला. बराबर? हा तर जुगारच झाला की भाऊ, नुसता पत्त्याच्या जागी काटा. अन् बत्तीस झाले तरी काय, मावशी देणार पन्नासची नोट, मी तिला अठरा परत द्यायचे — अठरा, त्यात तीन रुपये सुट्टे, कुठून काढू, दगडातून?

स्कॅनर नाय. म्हंजे होता. त्या भिंतीवर डिंकाचा डाग दिसतो ना, तिथंच होता. दादाच्या नावाचा. दादा गेल्यावर चक्की उघडली, त्या दिवशी एक पोरगा आला, बजाजनगरमध्ये नवीनच राहायला आलेला, त्याला काय माहीत. त्यानं फोन धरला अन् मोठ्यानं वाचलं, अतुल कचरू, बराबर हाय ना, ह्यांनाच टाकू? अन् टाकले. स्कॅनरचा तो बोलणारा डबा बोलला पण, पैसे मिळाले म्हणून. मी तो कागद ओरबाडला, खुरप्यानं खरवडला, त्या डब्याची वायर उपटली. पोरगा दळण टाकून पळाला, मला वाटतं अजून घाबरतो. दादाच्या खात्यात गेले ते पैसे. तेच काढायला वहिनी हेलपाटे घालायली. तर तवापासून सगळं रोख. म्हणून हे सुट्ट्याचं सगळं माझ्या डोक्यावर.

पण पाच रुपयाला सुट्टे लागतच नव्हते ना! तेच तर. चार किलो, वीस. सहा किलो, तीस. वरचे ग्रॅम दादा सोडून द्यायचा. लोक म्हणायचे अतुल, धर की वरचे, तर म्हणायचा वरचं पीठ दगडालाच चिकटून राहतं मावशी, त्याचे कशाला पैसे घेऊ. असं बोलायचा की समोरचा हसलाच पाहिजे. आता पुण्यानुमोदनाला विहारात सगळे बोलले, माईकवर, एकामागं एक. अतुलचं मन मोठं, गरिबाची जाण, महागाईत सुद्धा पाचाच्या वर गेला नाय. एक तर कंपनीतला युनियनवाला, तो पार बाबासाहेबांपर्यंत गेला. टाळ्या नव्हत्या, पण टाळ्यांसारखंच वाटत होतं. मी मागं सतरंजीवर बसलेलो. मनात म्हणायलो, अरे तुमच्यासाठी नाय केलं त्यानं.

कोणासाठी म्हंजे? कोणासाठीच नाय. सोडा. पाना द्या तो, पट्टा आवळायचाय.

— माझ्यासाठी केलं. आता तुम्ही विचारलंच म्हणून. मी शाळा पाचवीत सोडली, पाचवी पण नावालाच. मला पाचचा पाढा येतो अन् दहाचा. त्याच्यापुढं डोक्यात धूर होतो, खोटं नाय सांगत, अक्षरशः डोळ्यासमोर धूर. आधी भाव सहा होता. दादानं मला चक्कीवर बसवलं, तवा एक जण आला, सात किलो गहू, मी कायतरी भलतंच सांगितलं. तो सगळ्या बायांसमोर म्हणला, शाळेच्या टायमाला गुरं राखली का रे. मी त्याचा डबा उचलला अन् रस्त्यावर ओतला. सगळा गहू. दादा बाहेरून आला, त्यानं बघितलं. खाली बसून गहू भरला, पाखडला, दळून दिला, पैसे घेतले नाय. मग संध्याकाळी फडकं ओलं केलं, भिंतीवरचा सहा पुसला, पाच लिहिला. अन् ते फडकं माझ्या हातात दिलं, जा म्हणला, धू. बस, तेवढंच. आमच्या दोघात त्याच्यावर बोलणं कधी झालंच नाय. मला नंतर एकट्याला शिकवलं — एक किलो म्हंजे एक हात. चार किलो म्हंजे चार हातांची बोटं मोज. ग्रॅम बघूच नको, ग्रॅम नसतेतच असं समज. त्यानंतर माझी एकपण चूक नाय भाऊ. अख्खी गल्ली म्हणायची राजकुमार हिशेबाला पक्का हाय.

एकदा साताचा पाढा शिकवायला बसला होता, भिंतीवर खडूनं लिहून. मी खडू फेकला त्याच्याच अंगावर. हसला. राहू दे म्हणला, आपण कुठं बँक उघडायलो.

हे वहिनीला माहीत नाय हां. तिला वाटतं तो भोळा होता. रागानं म्हणते कधी कधी, लोकांनी लुटलं त्याला. तुम्ही सांगू नका. सांगायचं असलं तर मी सांगीन. म्हंजे नाय सांगणार, पण तुम्ही नका सांगू.

भागायचं? कशाचं भागतंय भाऊ. मोटार तीन फेजची, बिल बघितलंय का कधी चक्कीचं? वर झिजलेल्या दगडाला छिन्नीनं टाकी लावणारा येतो, तो पण आता पैसे वाढवून घेतो. दर महिन्याला दादा बिल बघायचा अन् घडी घालून खिशात ठेवायचा. मी एकदा म्हणलं, वाढव ना भाव, मी बघतो कसं करायचं ते. म्हणला बघू. मग त्यानं रात्रपाळी धरली. रबराचे पार्ट बनवायची कंपनी, ठेकेदाराच्या नावावर. वहिनीला सांगितलं, सईच्या शाळेसाठी. सई म्हंजे पुतणी माझी. असंल, शाळेसाठी पण असंल, थोडं तरी असंलच. दिवसा ह्या इथं झोपायचा, तुम्ही बसलेत ना, त्याच पोत्यावर, चक्की चालू असताना. एवढ्या आवाजात गाढ. चक्की बंद झाली की दचकून उठायचा. गिऱ्हाईक नसलं तरी मी दगड उचलून मोकळीच फिरवायचो मोटार, म्हणलं झोपू दे. बिल वाढायचं त्यानं अजून. मला काय माहीत. नाय, माहीत होतं.

म्हंजे बघा ना, पाचाचा भाव, म्हणून बिल भागंना. बिल भागंना म्हणून रात्रपाळी. रात्रपाळी म्हणून पहाटं गाडीवर, झोपेत —

पट्टा. पट्टा बघू. इकडून धरा जरा. ओढा. हां, असाच धरून ठेवा.

ट्रकवाला थांबला होता म्हणतेत. थांबला, पाणी पाजलं. लोक म्हणतेत दादाच डुलत आला त्याच्यावर. मी भांडलो त्या सांगणाऱ्याशी, गचांडी धरली. दादा कशाला डुलंल? तो गाडीवर असला की हेल्मेटमध्ये बडबड करायचा, झोप येऊ नये म्हणून, गिऱ्हाइकांची नावं घ्यायचा एकेक. त्यानंच सांगितलेलं. लोक काय पण बोलतेत.

अन् तेच लोक परत येतेत. वीस द्या म्हणलं की वीस देतेत, अन् वरून म्हणतेत, अतुलभाऊसारखाच निघाला, भाव नाय वाढवला. खुशीत जातेत. मला एक सांगा, एवढ्या वर्षांत एकानं तरी विचारलं का, अरे अतुल, तुला परवडतं कसं? एकानं? बाकीच्या चक्क्या आठ घेतेत, ते दिसत नव्हतं? दिसत होतं, म्हणून तर सिडकोपासून डबे यायचे. मोठं मन, मोठं मन — माईकवर काय जातंय. मी पण नाय विचारलं. माझं सोडा, मी त्याचा भाऊ होतो, मला वाटायचं त्याला जमतंच सगळं.

सोडा पट्टा. बसला.

काय म्हणले? पाचवर पण होतं? म्हंजे ह्या मशीनला सांगता येतं, की रुपया-बिपया नको, सरळ पाचच्या पटीत आण? खरं? दाखवा. बत्तीसचे तीस. अन् साडेसदतीस असले तर? असं. आणि हे कोणी मागितलं होतं का, की तुम्ही आता माझ्याकडं बघून — कंपनीतूनच हाय. बरं. म्हंजे माझ्यासारखे बरेच असतील.

बरं. लावा. व्हय, लावा म्हणलं ना, आता ठेवा टेबलावर, सारा ते डबे. प्लग तिकडं हाय, त्याला झटका येतो, चप्पल घालून लावा. भाव साडेसात. पावतीवर चक्कीचं नाव टाकायचं नाय, ती दादाच्याच नावानं हाय, नुसतं वजन अन् पैसे येऊ द्या. वहिनी आल्यावर तिला चालवून दाखवा अन् म्हणावं राजकुमारला येतं. येईल. एक दिवस पण लागत नाय शिकायला. छावणीवाल्याला तिनं आज फोन करू नये, एवढंच.

वर का खाली, म्हंजे? हां. म्हंजे बत्तीसचे तीस करायचे का पस्तीस. ते मी सांगायचं का. तुमचं जवळचं-बिवळचं राहू द्या, एकच काय ते ठेवा, नेहमी एकच, म्हंजे मला लोकांना सांगता येईल.

वर घ्या.

ऐकू आलं ना. वर. मावशीचे पस्तीस. दादा असता तर खाली म्हणला असता, मला काय माहीत नाय का? लोक बोलतील, बोलू द्या. तुटतील, तुटू द्या थोडे. समोरून कोणी म्हणलं ना, की अतुल असता तर — मी म्हणीन, असता तर.

झालं का? मग निघा. पावतीचा कागद कुठं मिळतो ते वहिनीला सांगा, मला नका सांगू. नाय, चहा नाय पाजत, रागावू नका, आज नाय. सरका तिकडं, मला मोटार चालू करायचीय. आता ह्याच्यापुढं बोललेलं काय ऐकू येणार नाय.