मानपत्रातली कोरी ओळ

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष माननीय बाळासो चौगुले आण्णा, ज्यांच्यासाठी आपण जमलोय ते आपले हेडसर माननीय गणपतराव इंगवले सर, व्यासपीठावरचं पावणं, सगळे सर, बाई आणि सतरंजीवर बसलेल्या भैनी-भावांनो, सगळ्यांना माझा नमस्कार आणि सलाम.

आधी माफी मागते. मगाशी जोतीराम सरांनी वाचलेलं मानपत्र मी टाईप केलंय. स्टँडमागच्या टायपिंग क्लासात मी शिकते, म्हणून शाळेनं माझ्याकडं दिलं. माझा हात लई सावकाश चालतो, त्यामुळं कार्यक्रम अर्धा तास लांबला. शुद्धलेखनाच्या चुका हायत. क्लासातल्या मशीनचा 'क्ष' अडकतो, तवा अध्यक्ष आणि शिक्षक दोघंबी वाकडं उमटल्यात. त्यात माझा काय हेतू न्हाय.

हे भाषणबी टाईप करूनच आणलंय, कारण मी चार माणसांत कधी बोलले न्हाय. वर्गात 'हजर' म्हणायची तरी सर परत नाव घ्यायचं.

मी शमशाद, अमीन मोमीनांची थोरली. नववीत शाळा सुटली, त्याला दोन वर्सं हुत आली.

तर जोतीराम सर वाचता वाचता एका जागी थांबलं, चष्मा पुसला, परत बघितलं. चष्म्याचा दोष न्हाय सर. तिथं ओळ कोरी हाय. ती मी सोडलीया, आणि चुकून न्हाय. तुमी लिवून दिलतं, 'सरांनी मुलगा व मुलगी असा भेद कधी केला नाही, सर्वांना सारखी संधी दिली.' बाकी समदं मी टाईप केलं. हेडसर गणित शिकवताना सुतळी घेऊन पटांगणात वर्तुळ काढायचं, ते खरं हाय. त्या वर्तुळाच्या मधी मी उभी राहिलेली हाय. पर त्या एका ओळीवर माझी बोटं चालली न्हाईत.

निरोपाच्या दिवशी गोड बोलावं, असं घरनं बजावून धाडलंय. मग कडू कवा बोलायचं? सोमवारी सर निवृत्त हुऊन नेसरीला, गावाकडं जाणार. त्या खुर्चीत दुसरं कोणतरी बसणार.

आपल्या इचलकरंजीत पाळी म्हंजे काय, हे कुणाला सांगाय नको. यंत्रमागावरची दिवसपाळी आणि रातपाळी, आठवडा ही, आठवडा ती. अब्बांची दिवसपाळी आली की त्यातलं दोन-तीन दिवस अम्मीबी त्याच शेडात सुताच्या कांड्या भराय जायची. धाकट्या भावाला बघाय घरात मी. तेवढं दिवस शाळा बुडायची. अब्बा तिसरी शिकल्यात. ते हेडसरांच्या नावानं चिठ्ठी लिवायचं, 'पाळी असल्यामुळे शमशाद तीन दिवस आली नाही.' एक आठवडा सोडून एक.

मागनं हसाय लागला तुमी. हसा. मला तवा ह्यात हसण्यासारखं काय हाय तेच कळलं न्हवतं.

चौथ्या-पाचव्या चिठ्ठीला सरांनी मान खाली घातली आणि मला शिवणाच्या बाईंकडं धाडलं. बाईंनी दार लावून घेतलं.

"महिन्यातनं दोनदा व्हय गं?"

"व्हय बाई. एक आठवडा सोडून."

"आणि किती दिवस चालती?"

"सहा दिवस. शुक्रवारी सुट्टी असती."

बाईंनी बोटांवर दिवस मोजलं.

"तरास हुतो का?"

"पाय सुजत्यात बाई. कान बधिर हुत्यात."

सुजायचं अब्बांचं पाय, पाणी बाईंनी मला प्यायला दिलं.

माझ्या वर्गात सयाजी हुता. त्याचा बा आणि माझं अब्बा शेजारशेजारच्या मागावर. सयाजीबी चिठ्ठी आणायचा. त्याच्या बाला लिवता येत न्हाय, म्हणून तीबी अब्बाच लिवून द्यायचं. 'पाळी असल्यामुळे सयाजी तीन दिवस आला नाही.' सर म्हणायचं, "बापाची दिवसपाळी व्हय रं? बस जा. बुडलेलं गणित मधल्या सुट्टीत विचार."

अक्षर एक, शब्द एक. त्याच्या हातातली पाळी बापाची झाली आणि माझ्या हातातली माझी. सर, तुमाला पाळीचा अर्थ ठावं न्हवता, असं म्हणायची सोय न्हाय. सयाजीचा तुमी बरोबर लावला.

मग अब्बांना बोलावणं गेलं. सर म्हणालं, "पोरीची प्रकृती नाजूक हाय. घरात ठेवा, औषधपाणी करा." काय झालंय ते सरांना सांगवंना आणि अब्बांना इचारवंना. दोघं भिंतीकडं बघून बोलत हुते. दाखला हातात आला. शाळा सोडण्याचे कारण, प्रकृती अस्वास्थ्य. अब्बांनी मला तीन डॉक्टरांकडं नेलं, पार कोल्हापूरला मोठ्या दवाखान्यात. डॉक्टर म्हणायचं, "हिला काय हुतंय?" अब्बा म्हणायचं, "ते शाळंला ठावं हाय."

पुढं मी कांड्या भराय लागले. सात महिन्यांनी एकदा अम्मीला बाईंचं बोलणं सांगितलं. अम्मीनं हात थांबवला. "अगं बये, ती तुझी इचारत हुती," म्हणाली. हसली. मग दिवसभर तिच्या हातातला धागा तुटत हुता.

तवाच येऊन का सांगितलं न्हाईस, असं कुणी म्हणंल. आलते की. ऑफिसच्या दारात दोनदा आलते. शिपाईमामा म्हणालं, "काय काम हाय?" पाळीचं काम हाय, असं त्यांना कसं सांगू? दोन्ही येळा माघारी गेले.

आज माईकवर सांगतेय. लाजायचं ते दोन वर्सं लाजून झालं.

मला जूनला नववीत बसायचंय. दुसऱ्या शाळेत गेलते, तर ते म्हणालं, बरी झाल्याचं डॉक्टरचं पत्र आण. जे झालंच न्हाय, त्यातनं बरी कशी हुऊ? सयाजी औंदा दहावीला बसला. माझा त्याच्यावर राग न्हाय. त्याची चिठ्ठी खरी हुती. माझीबी खरी हुती. ती समोर बसलीया ती माझी धाकटी भैन नजीरा, सहावीत हाय. तिच्या चिठ्ठीत अब्बा आता लिवत्यात, 'माझी म्हणजे अमीन मोमीन याची यंत्रमागावरची दिवसपाळी असल्यामुळे.' पोराला दोन शब्द पुरत्यात, पोरीला आख्खी ओळ का लागावी?

सर, तुमी वाईट हाय असं मी म्हणत न्हाय. तुमी लाजला. पर तुमच्या लाजण्यापायी शाळा माझी सुटली, तुमची न्हाय.

हा दाखला मी तुमच्यापुढं हाराशेजारी ठेवते. पेनबी ठेवलाय, झाकण काढून. 'प्रकृती अस्वास्थ्य' खोडा, तिथं 'शाळेची चूक' लिवा आणि खाली सही करा. सोमवारी तुमची सही चालणार न्हाय, आज चालती. मानपत्राला अजून काच लावलेली न्हाय. मशीन मी क्लासातनं आणून ऑफिसात ठेवलंय. सही झाली की ती कोरी ओळ मी टाईप करून देते. माझ्या हाताला दहा मिनिटं लागतील, तेवढी कळ काढा. सही न्हाय झाली, तर तशीच लावा भिंतीला. नेसरीला घरी येणारा-जाणारा इचारंल, हितं काय हुतं म्हणून. त्याला तुमी सांगा.

मला बोलू दिलं, त्याबद्दल अध्यक्षांचे आणि शाळेचे आभार. ल्हान तोंडानं काय जास्त बोलले असेन, कुठं अडखळले असेन, तर पदरात घ्या. जे बोलले त्यातलं मात्र काय माघारी घेत न्हाय.

आणि शिपाईमामांनी ही चिठ्ठी आत्ताच हातात दिलीया, ती वाचून दाखवते. 'अध्यक्ष चौगुले आण्णांस निरोप. घरची म्हस व्याली. रेडा न्हाय, रेडी झालीया. गल्लीत पेढं वाटाय घेतल्यात, बिगीनं या.'