शेठबागेतलं जाळं

ईश्वरी : ...आणि मी त्यांना सांगू काय, तूच सांग! ‘सर, तुमचं जाळं कापायचंय’? पाच वाजता लोक येणारेत, भाग्या!

भाग्यश्री : अगं, आधी श्वास घे. मी अजून स्कूटी पण स्टँडला लावली नाही. झालंय काय?

ईश्वरी : तळ्याकडे बघ. बकुळ आणि आंब्याच्या मधे. जाळ्याच्या खालच्या कोपऱ्यात निळं काय दिसतंय?

भाग्यश्री : खंड्या?

ईश्वरी : जिवंत आहे! मी झाडांना नावाच्या पाट्या लावत होते, एकदम फडफड. स्टुलावर चढून सोडवायला गेले तर चावला. हे बघ बोट. आणि मी जितकं ओढते तितकं ते आवळतंय.

भाग्यश्री : आवळणारच. आमच्या आज्याची गाठ आहे ती. चाळीस वर्षं खाडीत मासा सुटला नाही तिच्यातून.

ईश्वरी : अभिमानाने काय सांगतेस!

भाग्यश्री : मग काप ना. दोन दोरे तोडायचे, विषय संपला.

ईश्वरी : नाही संपत! आज हा, उद्या दुसरा. शिवाय अंधार पडला की या बागेत वटवाघळं किती येतात माहितीये ना? जाळं उतरवावंच लागणार. तीन महिने गं! दर शनिवारी चाळीस माणसं इथे हे विणत बसायची. वैजयंतीकाकूंनी गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकललं. जयप्रकाशकाका तर सोसायटीच्या मीटिंगमधे पण सुतळी घेऊन बसतात. आणि वर टांगायची आयडिया कुणाची? माझी! ‘आभाळातलं जाळं’! पत्रिकेवर छापलंय मी ते.

भाग्यश्री : पत्रिकेचं सोड. आज्याचं टेन्शन आहे खरं.

ईश्वरी : का? चिडतील?

भाग्यश्री : चिडला तर बरं. तो गप्प बसतो. मागे होडी विकली तेव्हा दोन वर्षं गप्प होता. आत्ता कुठे तुमच्या या वर्गात शिकवताना बोलायला लागला. सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून बसलाय. अख्ख्या बोनकोड्यात घरोघर जाऊन सांगितलंय, शेठबागेत माझं जाळं लागलंय, बघायला या.

ईश्वरी : अख्ख्या गावाला?

भाग्यश्री : मग? ही बाग मिठागरवाल्या शेठची होती तेव्हा गावातल्या कुणाला या गेटच्या आत सोडायचे नाहीत. आज्या कुंपणावरून आंब्याला दगड मारायचा आणि माळी त्याच्यामागे काठी घेऊन. आता त्याच बागेत त्याला सगळे सर म्हणतात.

ईश्वरी : हे आत्ता सांगतेस मला?

भाग्यश्री : तू श्वास घेशील तेव्हा ना कुणी सांगणार! गप, आला बघ.

जानू : काय गो पोरींनो, तोंडं कशाला उतरली? पाहुनं पलालं का काय?

ईश्वरी : नाही सर, म्हणजे... तुम्ही आधी बसा ना. पाणी देऊ? सावलीत बसा.

जानू : खंड्या लागलाय ना जाल्यात?

ईश्वरी : तुम्हाला कसं कळलं?

जानू : गेटाशी वरडताना आयकला. आनि मना ठाव व्हतं.

भाग्यश्री : काय ठाव होतं?

जानू : पान्याच्या कडंला जालं टांगलं का पाखरू लागनारच. बंदरावर जालं वालत घातलं तरी आमी एक मानूस राखनीला बसवतो.

ईश्वरी : मग तेव्हा बोलला का नाहीत? मी सगळ्यांसमोर विचारलं होतं! ‘सर, टांगू ना?’

जानू : विचारलंस. चालीस मान्सं माज्या तोंडाकडं बगत व्हती. मी नको म्हनलो असतो तर तुमी जालं गुंडालून त्या शेठच्या बंगल्यात कोपऱ्यात ठेवलं असतं. मना वाटलं, एक डाव वर दिसू दे. गावाला दिसू दे.

भाग्यश्री : आज्या...

जानू : आज्या नि बिज्या. चूक माजी हाय, पाखराची नाय. कात्री आन.

ईश्वरी : थांबा, थांबा सर! तिथे नका कापू, ती वैजयंतीकाकूंची गाठ आहे, त्या रडतील!

जानू : तिची नाय, माजी हाय. तिची असती तर पाखरू कवाच उडून गेलं असतं. भाग्ये, तुजी ओढनी टाक त्याच्यावर. डोले झाकले का गप ऱ्हातो. ए बाय, तू शेपटाकडनं धर. दाबू नको.

(कात्रीचा आवाज. एकदा, दोनदा, मग बराच वेळ.)

ईश्वरी : गेला! ए, गेला गं! तळ्यावरून सरळ... पायाला काही झालेलं नाही ना? नाही, मस्त उडतोय!

भाग्यश्री : तो मस्त. जाळ्याला भगदाड बघ. म्हैस जाईल त्यातून.

ईश्वरी : साडेतीन वाजले. दीड तासात शंभर माणसं येतील आणि मी त्यांना काय दाखवू? भोक?

जानू : व्हय. खाली उतरवा सगलं. हिरवलीवर पसरा.

ईश्वरी : फाटकं?

जानू : बाय, तीन महिने तुमाला निस्तं इनायला शिकवलं. फाटलेलं सांदायला कवा शिकवनार व्हतो? इनतात एकदाच. पुढं रोज दुपारी बंदरावर बसून काय करतात वाटतं तुला? सांदतात.

ईश्वरी : म्हणजे पाहुण्यांना...

जानू : बसव भवती. पाय पसरून, आमी बसतो तसं. एक फ्लॅटवाला, एक गाववाला. गावच्याला येतं, तो दुसऱ्याला शिकवंल.

भाग्यश्री : आणि गावच्यांसमोर फाटकं जाळं चालेल तुला?

जानू : नवं जालं बगून ते काय करतील? चांगलं म्हनतील नि घरी जातील. फाटलेलं दिसलं तर हात लावतील.

ईश्वरी : सर, आयडिया भारी आहे, खरंच भारी आहे, पण भोक एकच आहे हो. भोवती दहा जण बसतील फार तर. बाकीचे नव्वद काय करणार?

जानू : मंग दे ती कात्री.