डोळे मिटून श्रीलंका

शनिवार, एकतीस जानेवारी. आकाश ढगाळ, हवा दमट, वारा अजिबात नाही, संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं, आणि मी बसच्या दोन सीटांच्या मधे पालथा... असं लिहिलंय बघा डायरीत, माझ्याच अक्षरात, आणि हा आपला धम्मानंद, ज्यानं सहल नेली तो, म्हणतो, जळबाभाऊ, आठ दिवसांची श्रीलंका विहारात सगळ्यांना वाचून दाखवा. काय दाखवू? तुम्हाला सांगतो, आठ पानांपैकी चार पानांवर एकच ओळ आहे. तारीख, हवामान, आणि खाली: आज काही पाहिले नाही. अनुक्रमे सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. हे वाचू?

आता तुम्ही म्हणाल, माणूस विमानात बसून समुद्रापलीकडे गेला आणि काही पाहिलं कसं नाही? तेच तर सांगायला उभा राहिलोय. माय समोरच बसलीय, तिला सगळं माहीत आहे, बाकीच्यांना नाही, आणि मला वाटत होतं की हे असंच माझ्याबरोबर जाईल, पण आता जात नाही...

मला हत्तीची भीती वाटते.

हसा, हसून घ्या. मी थांबतो. माणसाला कुत्र्याची भीती असते, पालीची असते, सापाची तर असावीच. हत्तीची भीती धरून हिंगोली जिल्ह्यात माणूस शंभर वर्षं सुखानं जगू शकतो, कारण आपल्याकडे हळद आहे, कापूस आहे, रानडुक्कर आहे, हत्ती नाही. पण माझ्या नशिबी तो आलाच. मी सात वर्षांचा, जवळा बाजारचा आठवडी बाजार, हातात गोडीशेवेचा पुडा. दूरदेशीचे कोणी बैरागी हत्ती घेऊन आले होते. लोक सोंडेत पैसा ठेवायचे आणि हत्ती सोंड डोक्यावर ठेवून आशीर्वाद द्यायचा. मला हे काहीच माहीत नाही, मी आपला पाठमोरा, शेव खातोय, आणि मागून टाळूवर काहीतरी ओलं, गरम, जड येऊन टेकलं आणि त्यानं श्वास सोडला. एवढं मोठं जनावर माझ्या पाठीशी येऊन उभं राहिलं आणि मला कळलं नाही. तुम्हाला सांगतो, हत्तीच्या पायांचा आवाज येत नाही. बैलाचा येतो, म्हशीचा येतो, शेळीचासुद्धा येतो. हत्तीचा येत नाही. तेव्हापासून पंचेचाळीस वर्षं, कुठंही उभा असलो, पहाटे पाचला व्हॉल्व्ह फिरवून वसमतला पाणी सोडत असलो तरी, मधेच टाळू गार पडते आणि मी वळून पाहतो. मागे कोणी नसतं. पण नसतं म्हणजे काय, आवाज तर येतच नाही ना...

आणि हे सांगायचं कोणाला? आपल्या वस्तीत? निवडणूक आली की गल्लीगल्लीत हत्तीची निशाणी, पोरं रंगाचा डबा घेऊन दारात, काका, तुमची भिंत मोठी आहे, मोठा हत्ती बसेल. मी प्रत्येक निवडणुकीला सांगतो, भिंतीला ओल आहे बाबांनो. या विहारात त्या भिंतीवर महामायेच्या स्वप्नातला पांढरा हत्ती आहे. तोंड करून बसवत नाही, पाठ करून तर त्याहून बसवत नाही, म्हणून बारा वर्षं मी त्या खांबाला टेकून आडवा बसतो आणि तुम्ही म्हणता जळबाभाऊ किती नम्र, पुढे कधी येत नाहीत.

एकाच माणसाला ठाऊक होतं, गुलाम नबी, आपला शिंपी, माझा शाळेपासूनचा दोस्त. श्रीलंकेचं ठरलं तेव्हा त्याच्या दुकानात गेलो. त्यानं मशीन थांबवलं, मोबाइलवर बराच वेळ बोट फिरवलं आणि चष्मा वर करून म्हणाला, "जळबा, मैं दोस्त हूँ इसलिए बोलता हूँ. उधर हाथी बहुत है. मंदिर में है, रास्ते पे है, साबुन की डिब्बी पे भी है. तू मत जा."

न जाऊन कसं चालेल? मायच्या दोन्ही डोळ्यांना काचबिंदू. नांदेडच्या डॉक्टरांनी चाचणी घेतली, मला बाहेर बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं की उजवा गेलाच आहे, डावा दिवाळी पाहील की नाही सांगता येत नाही. मायचा कान तिखट, तिनं दाराआडून ऐकलं. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "मग अनुराधपूरचा बोधिवृक्ष कधी पाहायचा? गयेच्या झाडाची फांदी हाय म्हणत्यात ती. संघमित्रेनं नेलेली." मी म्हटलं, सरिता नेईल तुला. सरिता, म्हणजे आमच्या घरच्या, म्हणाल्या मला विमानाची भीती वाटते, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. बघा, विमानाची भीती चारचौघांत सांगता येते. माय म्हणाली, "सुनेच्या डोळ्यानं न्हाई. माझ्या लेकराच्या डोळ्यानं पाहायचं मला. एकतीस साल डायरी लिहून राहिला तो, न पाहिलेलं एक अक्षर न्हाई तिच्यात. तो सांगंल ते बराबर असंल."

हे खरं आहे हो. सातवी शिकलेला माणूस मी, माझा एकच नियम आहे. पाहिलं ते लिहायचं, ऐकीव लिहायचं नाही. आणि अशा माणसाला घेऊन ती निघाली कुठं, तर...

पहिला दिवस बरा गेला. कोलंबो, समुद्र. समुद्र मी पाहिला, नीट पाहिला, सांगितलासुद्धा नीट. रात्री हॉटेलच्या खोलीत दिवा लावला आणि पलंगावर हत्ती. पांढरा. दोन कान, सोंड. मी दारातच बसलो. माय चाचपडत पुढं गेली, हात फिरवला आणि म्हणाली, "जळबा, या लोकांनी टावेलाला सोंड काहून केली?" झटकला आणि खांद्यावर टाकला. असल्या कुठल्याच हॉटेलच्या टॉवेलानं मी आठ दिवसांत एकदाही अंग पुसलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून बघवेना. दारावर हत्ती, कठड्यावर हत्ती, बायकांच्या पर्सवर हत्ती. कँडीला दंतधातूच्या विहारात गेलो तर दोन्ही अंगांना हस्तिदंत, आणि तिथंच आवारात एक हत्ती पेंढा भरून काचेआड उभा. आपल्याकडे मेलेलं जनावर आडवं होतं, तिकडे मेलेला हत्तीसुद्धा उभाच. मग मी काय केलं? मायचा हात धरला आणि डोळे मिटले.

म्हणजे कसं, बघा. तिला दिसत नाही म्हणून तिनं माझा हात धरलेला, आणि मी बघत नाही म्हणून मी तिचा. तिला वाटतंय लेकरू नेतंय, मला वाटतंय माय नेतेय. खांबाला धडकलो. आमच्या मागे डोंगरकडा गावच्या मोतीबाई होत्या, निवृत्त नर्स, जिभेला इंजेक्शनची सुई. त्या मायला म्हणाल्या, "चांगुणाबाई, कोण कोणाला नेऊन राहिलं? दोघंबी खांबाला जयभीम घालून राहिले, म्हणून इचारते."

आणि मायचं एकच, दर दहा पावलांना. "सांग ना बाप्पा, काय दिसून राहिलं?"

काय सांगू? अंधार दिसून राहिला. म्हटलं, तळं आहे माय. "कसं हाय?" मोठं आहे. कमळं आहेत, गुलाबी. "आन्?" आन्... हंस आहेत. पांढरे. "किती?" आता बघा, डायरी लिहिणाऱ्याची आई आहे, आकडा पाहिजे. मी म्हटलं, नऊ.

हे तोंडानं बोललो. रात्री डायरी उघडली तर हात पुढं जाईना. एकतीस वर्षांची सवय. तारीख घातली, हवामान घातलं, आणि लिहिलं, आज काही पाहिले नाही. असं चार दिवस चाललं. दिवसा मायला सोन्याचे कळस, मोर, लाल पानांची झाडं, आणि रात्री वहीत एक ओळ. आणि ती माउली जेवताना सगळ्या पंगतीला सांगायची, आज नऊ हंस पाहिले आमी. मोतीबाई म्हणाल्या, "हंस? मला काहून न्हाई दिसले? मला तर दोन डोळे हायत." माय म्हणाली, "डोळे असून काय उपेग, ध्यान पाहिजे. माझ्या जळबाच्या डायरीत पाहा." मी वरणात मान घातली, आणि त्याच वेळी टाळू गार पडली... मागे वळलो. भिंत होती. पण तुम्हाला सांगतो, आवाज येत नाही.

आणि मग ते एकतीस जानेवारी. डंबुल्ल्याहून अनुराधपूरला निघालो, दोन्ही बाजूंना रान. बसचा चालक बंडारा, सिंहली माणूस, मोडकं हिंदी बोलायचा. वळणावर त्यानं गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि मागे वळून कुजबुजला, "हाथी. जंगली. बात नहीं, लाइट नहीं."

मी सीटवरून खाली कसा गेलो ते मला माहीत नाही. माय खिडकीशी, काच उघडी, उकडत होतं ना.

"जळबा, गाडी काहून थांबली?"

"सिग्नल आहे माय."

"रानात सिगनल?"

बस गप्प. तीस माणसं, श्वाससुद्धा मोजूनमापून. मी फरशीला कान लावला, म्हटलं आता तरी पावलांचा आवाज येईल. पानं मोडली, फांदी मोडली, पाऊल नाही. मग माय म्हणाली, "गोठ्याचा वास येऊन राहिला रे."

"गाय असेल."

"केवढी गाय म्हनावी ही? सगळा उजेड अडला न बाप्पा."

म्हणजे तिला तेवढं कळलं. डाव्या डोळ्याला जो एक फिकट चौकोन उरला होता, खिडकीचा, तो विझला. आणि गायच आहे म्हटल्यावर आपली खेड्यातली बाई काय करणार? मांडीवरच्या पिशवीतलं केळं काढलं आणि हात खिडकीतून बाहेर घातला. बंडारा पुढून फुसफुसला, नो नो नो. मोतीबाईंनी माझ्या पाठीत पाय खुपसला. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच टोमणा नव्हता. "जळबाभाऊ, मायचा हात. मायचा हात आत घ्या."

तुम्हाला सांगतो, डोळे मिटून हात सापडत नाही. दोनदा चाचपलं, सीटचा दांडाच हाताला आला. मग उघडले.

हत्ती दिसलाच नाही. खिडकीत करडी भिंत होती, तिला सुरकुत्या होत्या, सुरकुत्यांत वाळलेला चिखल आणि मधेमधे तारेसारखे केस. त्या भिंतीत एक डोळा. लहान. तपकिरी. पापणीला लांब केस. तो माझ्याकडे बघत होता, पंचेचाळीस वर्षांनी भेटल्यासारखा, घाई नाही काही नाही. आणि सोंडेचं टोक मायच्या मनगटावर, ओलं, उघडमीट करणारं, केळं कधीच गेलेलं. मी मायचं कोपर धरलं. ओढता येईना. ती हळूच म्हणाली, "ही गाय न्हाई. सांग, काय दिसून राहिलं?"

सांगितलं. भिंत सांगितली, चिखल सांगितला, डोळा सांगितला, पापणीचे केस सांगितले. सांगता सांगता तिचा हात इंच इंच आत घेतला, आणि सोंड त्याच्यामागं आत आली, माझ्या मनगटावर टेकली, माझ्या टोपीपाशी आली... आणि तिथं थांबली. श्वास सोडला. मी सांगणं थांबवलं नाही. थांबवलं असतं तर ओरडलो असतो.

"तू थरथरून काहून राहिला?"

"मला भीती वाटते हत्तीची, माय. लहानपणापासून."

ती म्हणाली, "म्हंजे हंस..."

"नव्हते. डोळे मिटले होते मी."

"तळं?"

"असेल. मी पाहिलं नाही."

"सोन्याचे कळस, मोर, ती लाल झाडं?"

"नाही."

"कोलंबोचा समिंदर?"

"तो पाहिला. तो खरा."

"तेवढा तरी ठिव," माय म्हणाली, आणि तोंड खिडकीकडं केलं.

सहा वाजून एकवीस मिनिटांनी तो गेला. मी बघत होतो, डोळे टक्क उघडे, दहा हातांवरून गेला तो रानात. पावलाचा आवाज आला नाही. आता कोणी म्हणेल, चला, भीती तरी गेली. नाही गेली. आता तर मला माहीत आहे त्याचा डोळा कसा असतो. आत्ता, हे बोलतानासुद्धा... जाऊ द्या.

त्या रात्री माय माझ्याशी बोलली नाही. सकाळी पांढरं लुगडं नेसली, काठी घेतली आणि म्हणाली, "चल. डोळे उघडून चल. आन् मोतीबाईला बी संग घे." मोठ्या स्तूपाला गेलो, तर सभोवती भिंतच हत्तींची, खांद्याला खांदा लावून शेकडो. माय म्हणाली, "मोज." मोजायला लागलो.

एवढं एक पान भरलेलं आहे. ते वाचतो आणि बसतो.

रविवार, एक फेब्रुवारी. अनुराधपूर. पौर्णिमा. आकाश निरभ्र, ऊन कडक, वारा दुपारनंतर. स्तूपाच्या भिंतीतले हत्ती मोजले: चौऱ्याऐंशी. पुढे आईचा गुडघा दुखल्यामुळे मोजणे थांबवले. दुपारी तीन वाजून पाच मिनिटांनी बोधिवृक्ष पाहिला. फांदीला सोनेरी टेकू आहेत. पाने हलत होती. एक पान कठड्याच्या आत पडले, ते घेता आले नाही. हे सर्व आईला सांगितले. आईला दिसले: उजव्या डोळ्याने काही नाही, डाव्या डोळ्याने पांढरे. मी सांगितलेली प्रत्येक गोष्ट आईने मोतीबाईंना पुन्हा विचारली. मोतीबाई म्हणाल्या, बरोबर आहे.