पावडर लावून या

दाखल्यासाठी धारूरच्या सेवा केंद्रात आलेली शिवांजली मैत्रिणीशी खिदळत होती. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचं बोलणं तिच्या कानावर पडलं. तिथं केंद्रचालकासमोर बसम्मा आजी लेकीला घेऊन बसल्या होत्या; ॲपवर हयातीचा फोटो दिल्याशिवाय त्यांची पेन्शन सुरू राहणार नव्हती.

"आजी, डोळे मिटून उघडा."

"कवाधरनं तेच करतेय की, बाबा."

"ॲपला चेहराच दिसंना. गोऱ्या मानसाचं लगेच होतंय."

"तुला तर दिसते ना मी?"

"माझ्या दिसन्यावर पेन्शन येत न्हाई, आजी."

"आई, थांब, पावडर लावते तुला."

"लग्नात बी लावली नव्हती गं."

"हां, आला फोटो. आता दरसाल पावडर लावूनच या."

"आन अशीच आले तर?"

"तर तुमी हयात न्हाईत, असं येईल."

तोंड पुसायला उचललेला पदर आजींनी तसाच खाली सोडला.