भुंडे हात

आमच्या शहराच्या गोरखपूर मोहल्ल्यातल्या सरकारी दवाखान्यात, रांगेत माझ्या मागे दोघी वयस्क नणंद-भावजय बसल्या होत्या.

“वहिनी, मिशनच्या पियानोवर तुम्ही भुंड्या हातांनी बसता म्हणे? दादा धडधाकट असताना?”

“बांगड्या वाजतात, वन्सं. मी वाजवते ती विलायती गत फार नाजूक आहे. सूर ऐकूच येत नाहीत.”

“पन्नाशीत एवढी अवघड गत काहून शिकून राहिल्या?”

“विशीत तुमच्या घरात शिकू दिली असती?”

“अजून अडखळता म्हणे.”

“अडखळीन. सोडणार नाही.”

“घमापूर मोहल्ल्यात टांगेवालेही बोलून राहिले, बाई नवऱ्याच्या जिवावर उठली म्हणून! ठेवता कुठे त्या बांगड्या?”

“तुमच्या दादांच्या हातात. तेच घालून शेजारी बसतात, अन् गत संपेपर्यंत हात हलवत नाहीत.”