अळूच्या पानाचं छप्पर

चिनात्सु : ...एक लोखंडी कडी ठोकू दे म्हणाले होते इवाओकाका. छपरावर चढणाऱ्याला कमरेचा दोर बांधायला. आणि मी हसले होते, तोमेमावशी.

तोमे : पाच वर्षांपूर्वीचं आज कशाला उकरतेस? माझा मुळा शिजतोय. फोन कशाला केलास ते बोल.

चिनात्सु : काका सकाळपासून फोन उचलत नाहीयेत. तुमच्या खिडकीतून पाळणाघर दिसतं ना?

तोमे : दिसतं की, तू आखलेलं ते अळूच्या पानाचं छप्पर. रविवार आहे, बंद आहे.

चिनात्सु : शिडी आहे का लावलेली?

तोमे : थांब, काच पुसते... आहे. चढला वाटतं म्हातारा. चौऱ्याहत्तरचा सुतार, गुडघे गेलेले, पण ऐकेल तर शपथ.

चिनात्सु : मीच काल त्यांच्यापाशी काळजी बोलून दाखवली. बाळाला ताप आहे, तोक्योतून निघता येत नाही, आणि तिकडे ओला बर्फ पडतोय. उद्या पोरं त्या छपराखाली झोपणार.

तोमे : उद्घाटनाला तर फळ्यावर आकडे मांडून सांगत होतीस, या छपरावर कुणाला चढावंच लागणार नाही. पानावरच्या पाण्यासारखा बर्फ आपणहून ओघळेल.

चिनात्सु : आकडे कोरड्या बर्फाचे होते. काका म्हणाले, मार्चचा बर्फ आधी चिकटून बसतो, मग एकदम सुटतो. ‘पान वाऱ्याने हलतं, पोरी. तुझं छप्पर हलणार आहे का?’

तोमे : मग कडी का नाही ठोकू दिलीस?

चिनात्सु : छपराचं वळण बिघडलं असतं. फोटोत दिसली असती.

तोमे : बरं केलंस.

चिनात्सु : मावशी, काका वर दिसतायत का?

तोमे : नाही. डावीकडे बर्फ आहे. उजवीकडचा पत्रा पार उघडा पडलाय. जेवायला गेला असेल.

चिनात्सु : शिडी तशीच ठेवून?

तोमे : ...नाही. वाकडा खिळासुद्धा मागे सोडत नाही तो.

चिनात्सु : पानाचं टोक मागे येतं ना, स्वयंपाकघरापाशी? छपरावरून काहीही, कुठूनही निसटलं तरी तिथेच येऊन पडतं. मीच तसं आखलंय.

तोमे : अगं बाई. थांब, शेगडी बंद करते. बूट कुठे गेले माझे...

(पलीकडे दार सरकल्याचा आवाज.)

चिनात्सु : अग्निशमनवाल्यांना दुसऱ्या फोनवरून कळवतेय, पण त्यांना अर्धा तास लागेल. शेजाऱ्यांना बरोबर घ्या. एकाला वर नजर ठेवायला सांगा, डावीकडचा अजून सुटायचाय.

तोमे : फोन ठेवू?

चिनात्सु : नको, चालू राहू दे. भिंतीपासून तीन पावलं, मावशी. तिथल्या बर्फाच्या ढिगात बघा. आधी हाक मारा. फावडं नको, हातांनी उकरा.